ओव्हररायडिंगचा कोर्स केला आणि प्रोग्रेस बार २०० टक्क्यांवरून खाली आला: एक लांबलेला रिव्ह्यू

कोर्सचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कुणाचं दुकान चालवायचं नाही आणि बंदही पाडायचं नाही. रेकॉर्डेड व्हिडिओंचा कोर्स आहे, विषय एकच, पॅरेंट क्लासकडून आलेली मेथड चाइल्डमध्ये ओव्हरराइड करणं. ११ व्हिडिओ, सगळे मिळून ६ तासांच्या आसपास, प्रत्येकाखाली एक सराव. मुख्य भाषा जावा, मधेमधे सी प्लस प्लस, सी शार्प आणि पायथन. तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीला ६ तास कशाला, मेथडचं नाव तेच ठेवायचं, आतला कोड बदलायचा, झालं. मीपण हेच म्हणायचो, आणि चार वर्षं नोकरीत हेच म्हणत काढली.

मग एक प्रोग्रेस बार आला नशिबात. फाइल पाठवताना किती बाइट गेले ते मोजून बार पुढे सरकवायचा होता. जावात फिल्टर आउटपुट स्ट्रीम नावाचा तयार क्लास आहे, त्याला एक्स्टेंड करायचं, राइट मेथड ओव्हरराइड करायची, आत काउंटर वाढवायचा आणि खरं लिहिण्याचं काम सुपर म्हणून पॅरेंटवर ढकलायचं. दहा मिनिटांचं काम. आता त्या क्लासात राइट एक नाही, तीन आहेत. एक फक्त एक बाइट घेते, दुसरी अख्खा ॲरे घेते, तिसरी ॲरे घेते आणि सोबत कुठून सुरू आणि किती बाइट तेही विचारते. मी शहाणा, म्हटलं एखादी सुटली तर मोजणी चुकेल, म्हणून तिन्ही ओव्हरराइड केल्या, तिन्हीत काउंटर वाढवला, तिन्हीत शेवटी सुपर. टेस्ट केली तर अर्धी फाइल जाताच बार १०० वर आणि फाइल संपली तेव्हा २०० टक्के.

मी काय केलं असेल? काउंटरला दोनने भागून टाकलं. खोटं कशाला बोलू, भागलं आणि झोपलो. चार दिवसांनी दुसऱ्या कुणीतरी त्याच स्ट्रीमची अख्खा ॲरे घेणारी राइट वापरली आणि बार १५० वर गेला. तेव्हा टीममधल्या सीनियरने माझा कोड उघडला, ते दोनने भागणं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "सुपरच्या आत काय चाललंय ते वाचलंस का रे?" वाचलं नव्हतं. त्या रात्री कोर्स घेतला.

आता कोर्सकडे येतो. पहिले दोन व्हिडिओ सरळ सोडा. प्राणी नावाचा क्लास, त्याचा मुलगा कुत्रा, प्राणी आवाज काढतो, कुत्रा भुंकतो, मग मांजर, मग गाय. जगातल्या प्रत्येक इनहेरिटन्सच्या धड्यात हाच गोठा का असतो देव जाणे. या उदाहरणातून एवढंच कळतं की चाइल्डची मेथड चालते, पॅरेंटची नाही, आणि अडचण काय होते हे त्यातून कधीच कळत नाही, कारण प्राणी क्लास स्वतः काहीच करत नाही, बिचारा नुसता उभा असतो. खऱ्या कोडमधला पॅरेंट उभा नसतो, तो कामात असतो.

तिसऱ्या व्हिडिओपासून मात्र सर रंगात येतात. ओव्हरलोडिंग (नाव तेच, पॅरामीटर वेगळे) आणि ओव्हररायडिंग यातला फरक पाठ करून घेण्याऐवजी त्यांनी समोर बसून चूक करून दाखवली. तिकीट नावाचा क्लास, त्यात नंबर. दोन तिकिटांचा नंबर सारखा असेल तर ती सारखी, म्हणून इक्वल्स मेथड लिहिली, आणि पॅरामीटरचा टाइप दिला तिकीट. एकाला दुसऱ्याशी थेट इक्वल्स करून बघितलं, ट्रू. छान. मग तेच तिकीट ॲरेलिस्टमध्ये टाकलं आणि त्याच नंबरचं दुसरं तिकीट घेऊन कंटेन्स विचारलं, तर फॉल्स. दोन ओळींवर ट्रू, तिसऱ्या ओळीवर फॉल्स, आणि कोड बघावा तर कुठे काही चुकलेलं दिसत नाही. मी पॉज करून पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो होतो. कारण असं की ऑब्जेक्ट क्लासकडून, म्हणजे जावातल्या सगळ्या क्लासांच्या मूळ पॅरेंटकडून, आलेल्या इक्वल्सचा पॅरामीटर ऑब्जेक्ट टाइपचा असतो, आपण लिहिली ती तिकीट टाइपची, म्हणजे आपण जुनी बदललीच नाही, तिच्या शेजारी त्याच नावाची दुसरी उभी केली. आपण थेट बोलावतो तेव्हा कंपायलरला दोन्ही बाजूला तिकीट दिसतं म्हणून तो नवी उचलतो, पण लिस्टच्या आतल्या कोडला तिकीट वगैरे काही माहीत नाही, त्याच्या हातात ऑब्जेक्ट आहे, तो ऑब्जेक्टवालीच बोलावणार, आणि ती अजून जुनीच आहे.

मग सरांनी मेथडच्या डोक्यावर ॲट ओव्हरराइड लिहिलं आणि लगेच लाल रेघ, कंपायलर म्हणतो ही कुठल्याच पॅरेंटची मेथड ओव्हरराइड करत नाही. इतकी वर्षं मी ते ॲनोटेशन शोभेचं समजत होतो, आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, स्वतःहून घालतो म्हणून असायचं कोडमध्ये. ते नसलं तरी ओव्हरराइड होतंच, म्हणून लोक आळस करतात, पण त्याचा उपयोग आपण चुकतो तेव्हाच असतो. याच व्हिडिओत हॅशकोडचाही (ऑब्जेक्टवरून काढलेला आकडा, हॅशसेट त्यावरूनच शोधतो) विषय येतो, इक्वल्स बदलली आणि हॅशकोड तशीच ठेवली की हॅशसेटमध्ये तिकीट सापडत नाही, ते थोडक्यात उरकलंय पण ठीक आहे.

पुढचा व्हिडिओ भाषांच्या तुलनेचा, तो मला वाटलं होतं त्याहून बरा निघाला. व्हर्च्युअल, म्हणजे चाइल्डला ही मेथड बदलता येईल असं सांगणारा शब्द, सिम्युला ६७ इतका जुना आहे, ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये दाल आणि नायगार्ड यांनी केलेली भाषा, तिथून तो सी प्लस प्लसमध्ये आला. पण "मी मुद्दाम ओव्हरराइड करतोय" हे कोडमध्ये लिहायची सोय बऱ्याच भाषांना फार उशिरा सुचली. जावाला ॲट ओव्हरराइड २००४ मध्ये पाचव्या व्हर्जनला मिळालं, आणि तेव्हा इंटरफेसची मेथड लिहिताना ते चालायचंही नाही, ते सहाव्यात चालायला लागलं. सी प्लस प्लसला २०११ च्या स्टँडर्डमध्ये. टाइपस्क्रिप्टला २०२१ मध्ये ४.३ ला, पायथनला तर २०२३ मध्ये ३.१२ ला. कॉटलिन आणि स्विफ्टमध्ये मात्र ओव्हरराइड हा शब्द सक्तीचा, नाही लिहिला तर कंपाइलच होत नाही, आणि कॉटलिनमध्ये तर त्याआधी पॅरेंटनेच ओपन म्हणून परवानगी दिलेली असावी लागते, नाहीतर क्लासही बंद आणि मेथडही बंद. सी शार्पमध्येही पॅरेंटने व्हर्च्युअल म्हटलं तरच चाइल्डला ओव्हरराइड म्हणता येतं. मला हे आवडतं, दोन्ही बाजूंची सही हवी. जावात सगळं आधीपासून उघडं, ज्याला नको त्याने फायनल लिहायचं, आणि फायनल लिहिणारे किती भेटतात तुम्हीच सांगा.

इथे सरांची एक चूक आहे, ती नोंदवतो. पायथनच्या ओव्हरराइड डेकोरेटरबद्दल ते म्हणतात की नाव चुकलं तर प्रोग्राम चालवताना एरर येते. नाही येत. डेकोरेटर नुसती त्या मेथडवर खूण करून ठेवतो, पकडायचं काम टाइप चेकरचं, म्हणजे प्रोग्राम न चालवता कोड तपासणाऱ्या वेगळ्या टूलचं, आणि तो चालवलाच नाही तर नाव चुकलेली मेथड सुखाने पडून राहते, तिला कुणी बोलावतही नाही. मी स्वतः करून बघितलं, मग डाउट सेक्शनमध्ये लिहिलं, चार दिवसांनी उत्तर आलं, "बरोबर आहे, व्हिडिओ सुधारू." अजून सुधारलेला नाही.

नियमांचा एक व्हिडिओ आहे, ४० मिनिटांचा तक्ता. ॲक्सेस वाढवता येतो पण कमी करता येत नाही, पॅरेंटची पब्लिक मेथड चाइल्डमध्ये प्रोटेक्टेड केली की कंपायलर अडवतो. चेक्ड एक्सेप्शन (जी एरर हाताळायची कंपायलर सक्ती करतो ती) नवीन टाकता येत नाही. रिटर्न टाइप पॅरेंटच्या टाइपचा मुलगा असला तरी चालतो, ही सोय जावात २००४ पासून आणि सी शार्पमध्ये २०२० च्या नवव्या व्हर्जनपासून. सगळं बरोबर आहे, पण ४० मिनिटं? या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे की ज्याच्या हातात पॅरेंट टाइपचा रेफरन्स आहे त्याला धक्का बसता कामा नये, त्याला पब्लिक सांगितलं होतं तर पब्लिकच मिळालं पाहिजे, हे एकदा सांगितलं असतं तर तक्ता दहा मिनिटांत संपला असता. हा व्हिडिओ इंटरव्ह्यूसाठी बनवलाय हे स्पष्ट दिसतं. स्टॅटिक, प्रायव्हेट आणि फील्डचा व्हिडिओपण तसाच, एवढं लक्षात ठेवा की या तिघांचं ओव्हरराइड होत नाही. प्रायव्हेट मेथडच्या नावाची मेथड चाइल्डमध्ये लिहिली तर ती वेगळीच मेथड, पॅरेंट स्वतःचीच वापरत राहतो.

सातवा व्हिडिओ कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडचा, आणि त्याखालचा सराव हा कोर्समधला सगळ्यात चांगला सराव. पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमधून एक मेथड बोलावली आहे. चाइल्डने ती ओव्हरराइड केली आहे आणि त्यात स्वतःचं एक फील्ड छापलंय, ज्याला डिक्लेअर करतानाच ५ दिलेले आहेत. आउटपुट काय? मी बेधडक ५ लिहिलं. आलं शून्य. जावात आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो आणि मगच चाइल्डच्या फील्डमध्ये ५ जातात, पण मेथड मात्र चाइल्डचीच चालते, म्हणजे जो अजून जन्मायचाय त्यालाच कामाला लावलं. फील्ड स्ट्रिंग असती तर नल, आणि तिच्यावर काही बोलावलं असतं तर नल पॉइंटर एक्सेप्शन, आणि स्टॅक ट्रेसमध्ये दिसणार चाइल्डची ओळ, जिच्यात काहीही चूक नाही. गंमत म्हणजे त्याच फील्डला मी फायनल लावून बघितलं तर ५ आले, कारण फायनल आणि सरळ आकडा दिलेला असला की कंपायलर त्याला कॉन्स्टंट समजून वापरलेल्या जागी ५ हाच आकडा चिकटवतो. हे कोर्समध्ये नाही, मी उगाच खेळताना सापडलं, आणि एका फायनलने बग लपतो हे बघून जरा धसकाच घेतला.

सी प्लस प्लसमध्ये काय होतं ते सर सांगतात, तिथे बेसचा (म्हणजे पॅरेंटचा) कन्स्ट्रक्टर चालू असताना ऑब्जेक्ट बेसचाच असतो, त्यामुळे बेसचीच मेथड चालते, चाइल्डच्या मेथडपर्यंत गाडी पोचतच नाही. सी शार्पचं मात्र सांगायचं विसरले आणि तेच सगळ्यात मजेशीर आहे. तिथे जावासारखी चाइल्डचीच मेथड चालते, पण डिक्लेअर करताना दिलेल्या व्हॅल्यू पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरच्या आधी भरल्या जातात, म्हणून तिथे ५ येतात, आणि चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरच्या आत काही दिलं असेल तर ते मात्र नाही. एकच कोड, तीन भाषा, तीन स्वभाव. जावातून सी शार्पला जाणाऱ्याला किंवा उलट येणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो दिवसभर ब्रेकपॉइंट लावत बसणार.

आणि आता आठवा व्हिडिओ, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. याचं शीर्षक साधंच आहे, सुपर कधी बोलवायचं. पहिली वीस मिनिटं साधीच आहेत, आधी बोलवायचं की शेवटी, अँड्रॉइडच्या ऑनक्रिएटमध्ये सुपर नाही बोलावलं तर ॲप तिथेच सुपर नॉट कॉल्ड एक्सेप्शन टाकून बसतं वगैरे. मग सर सहज बोलल्यासारखं बोलून जातात की "पॅरेंट स्वतःच्या आत कुठून कुठे फोन लावतो ते बघा, कारण त्यातला एखादा फोन आता तुमच्याकडे वाजणार आहे." मी व्हिडिओ तिथेच बंद केला आणि फिल्टर आउटपुट स्ट्रीमचा सोर्स उघडला.

अख्खा ॲरे घेणारी राइट काय करते? तीन पॅरामीटरवाल्या राइटला बोलावते. तीन पॅरामीटरवाली काय करते? लूप लावून एक-एक बाइट एका बाइटवाल्या राइटला देते. आणि या तिन्ही मी ओव्हरराइड केलेल्या. म्हणजे माझ्या तीनवालीत काउंटरमध्ये हजार मिळवले, मग सुपर म्हटलं, पॅरेंट लूपमध्ये शिरला आणि त्याला वाटलं मी माझीच एकवाली बोलावतोय, पण वाजला फोन माझ्याकडे, हजार वेळा, प्रत्येक वेळी मी इमानदारीने एक मिळवला. झाले दोन हजार. अख्ख्या ॲरेवालीतून आलं तर तिच्यात एकदा, तीनवालीत एकदा, एकवालीत एकदा, तीन हजार. दोनने भागलं की १५० टक्के. सगळा हिशोब चोख जुळला आणि मला हसावं की रडावं कळेना.

वर हेही कळलं की आमचं अपलोड एवढं सुस्त का होतं. पॅरेंट एक-एक बाइट सुटा सोडत होता. आणि हे सगळं त्या क्लासच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलेलं आहे बरं का, की ही मेथड प्रत्येक बाइटसाठी एकवाली बोलावते आणि सबक्लासने स्वतःची जास्त चांगली लिहावी. लपवलेलं काही नव्हतंच, मी वाचलं नव्हतं. जावातलाच डेटा आउटपुट स्ट्रीम याच पॅरेंटचा मुलगा आहे आणि तोही बाइट मोजतो, त्याने काय केलंय बघा, तीनवालीत सुपर म्हटलेलंच नाही, आत धरलेल्या मूळ स्ट्रीमला सरळ अख्खा तुकडा दिला आणि काउंटर एकदाच वाढवला. मी तेच केलं, अख्ख्या ॲरेवाली ओव्हरराइड काढूनच टाकली, कारण ती आपसूक तीनवालीकडे येते. बार १०० वर थांबला, अपलोडपण पळायला लागलं.

ओव्हरराइड म्हटलं की आपल्या डोक्यात असतं की मुलाने वेगळं घर केलं, आता तो त्याच्या पद्धतीने राहील. कोर्समधले सरही बऱ्याचदा असंच बोलतात, बापाची रीत मोडून मुलाने आपली आणली वगैरे. तसं नाहीये ते. मुलगा त्याच घरात राहतो आणि बापाच्या वापरातली एक खोली बदलतो, आणि बाप रात्री अंधारात सवयीने त्याच खोलीत जातो. आपण मेथड बदलतो तेव्हा ती बाहेरून बोलावणाऱ्यांसाठी बदलतेच, पण पॅरेंटच्या स्वतःच्या कोडसाठीही बदलते, आणि तो कोड आपण लिहिलेला नाही, उद्या लायब्ररीचं नवं व्हर्जन आलं तर तो बदलेलही. पॅरेंटने उद्या आतला एखादा फोन बंद केला किंवा नवा सुरू केला तर आपल्या एका ओळीलाही हात न लावता आपला क्लास बिघडू शकतो. हा मुद्दा सर त्या एका वाक्यात बोलून पुढे गेले. माझ्या मते अख्खा कोर्स या वाक्याभोवती हवा होता आणि कुत्रा-मांजर शेवटी दोन मिनिटं.

उलट उदाहरणही द्यायला हवं होतं, की पॅरेंटने मुलासाठी जागा नीट आखून ठेवलेली असली तर ओव्हरराइड किती सुखाचं असतं. लिंक्ड हॅशमॅपमध्ये रिमूव्ह एल्डेस्ट एंट्री नावाची मेथड आहे, ती नुसती फॉल्स रिटर्न करते, बाकी काही नाही. नवीन एंट्री आली की मॅप तिला विचारतो, सगळ्यात जुनी काढू का? आपण ओव्हरराइड करून लिहायचं, साइज १०० च्या वर गेली तर हो. एका ओळीत छोटा कॅश तयार, सुपरची भानगड नाही, आधी की नंतर हा प्रश्न नाही, पॅरेंट कधी विचारणार ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं. ॲबस्ट्रॅक्ट लिस्ट पण तशीच, गेट आणि साइज दोनच लिहा, वाचायची लिस्ट तयार. असे पॅरेंट आणि माझ्या स्ट्रीमसारखे पॅरेंट यातला फरक शिकवणारा एक व्हिडिओ असता तर मी पाच स्टार डोळे मिटून दिले असते.

नववा व्हिडिओ व्हीटेबलचा, म्हणजे रनटाइमला कुणाची मेथड चालवायची ते कसं ठरतं. ॲनिमेशन सुरेख केलंय. प्रत्येक क्लासचा एक तक्ता, तक्त्यात मेथडचे पत्ते, चाइल्डचा तक्ता म्हणजे पॅरेंटच्या तक्त्याची नक्कल, आणि ओव्हरराइड म्हणजे त्यातल्या एका खणातला पत्ता बदलणं, खणाचा नंबर तोच. हे चित्र डोक्यात बसलं की वर सांगितलेला फोनचा घोळ आपोआप समजतो, पॅरेंटचा कोड नाव शोधत नाही, तो खणात बघतो, आणि खण ऑब्जेक्टच्या तक्त्यातला असतो. हा व्हिडिओ आठव्याच्या आधी हवा होता, क्रम चुकलाय. बाकी "व्हर्च्युअल कॉल स्लो असतो" हे वाक्य सर तीनदा म्हणतात, जावात ते इतकं सरळ नाही, ओव्हरराइड करणारा कुणी लोडच झालेला नसेल तर हॉटस्पॉट, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, ती मेथड सरळ इनलाइन करून टाकतं, म्हणजे तिचा कोड बोलावलेल्या जागीच चिकटवतं.

तक्रारी आता. सर्वात मोठी, लिस्कॉव्हवर फक्त ९ मिनिटं. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ च्या भाषणात जे मांडलं आणि १९९४ मध्ये जनेट विंग यांच्यासोबत पेपरमध्ये नीट बांधलं, की पॅरेंटच्या जागी चाइल्ड ठेवला तर वापरणाऱ्याच्या अपेक्षा मोडता कामा नयेत, ते म्हणजे ओव्हरराइड करणाऱ्याची लक्ष्मणरेषा आहे राव. कंपायलर सिग्नेचर बघतो, वागणं नाही बघत. मेथडचं नाव सेव्ह आणि आत सेव्ह न करता नुसता लॉग लिहिला तरी कंपाइल होतं. जावाच्या लिस्टमध्ये ॲड आहे, पण अनमॉडिफायेबल लिस्टवर ॲड केलं की अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन, आता हे मोडणं म्हणायचं की नाही, कारण लिस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच ॲड ऐच्छिक आहे असं लिहून ठेवलंय. यावर तासभर वाद घालता येतो. सरांनी चौरस-आयताचं नेहमीचं उदाहरण दाखवलं आणि पुढे गेले.

दुसरी तक्रार सरावाच्या चेकरची. तो फक्त आउटपुट जुळवतो. तिसऱ्या सरावात मी मुद्दाम इक्वल्स ओव्हरराइड न करता मेनमध्ये सरळ ट्रू छापलं, पास झालो, हिरवी खूण आणि अभिनंदनपण. ज्या कोर्सचा मुद्दाच हा आहे की वरून बरोबर दिसणारं आतून चूक असू शकतं, त्याचा चेकर वरूनच बघतो.

किरकोळ, कोडचा फॉन्ट बारीक आहे, मोबाइलवर बघायचा विचार सोडा. पाचव्या व्हिडिओत पंख्याचा आवाज आहे. शेवटचा व्हिडिओ इंटरव्ह्यूच्या प्रश्नांचा, ज्यांना हवा त्यांना हवा.

घ्यावा का? नुकतं शिकत असाल तर तिसरा, चौथा आणि सातवा या क्रमाने बघा, सराव स्वतः टाइप करून करा, आणि चेकरच्या हिरव्या खुणेवर जाऊ नका. माझ्यासारखे चार-पाच वर्षं कोड लिहून "मला येतं" म्हणणारे असाल तर नववा आधी, मग आठवा, आणि बघताना शेजारी तुम्ही शेवटचं एक्स्टेंड केलेल्या क्लासचा सोर्स उघडा ठेवा. मी तसं केल्यावर माझ्याच जुन्या कोडमध्ये असे आणखी दोन क्लास सापडले, एकात आकडा अजून तरी बरोबर येतोय, पण तो पॅरेंटच्या कृपेने.

सीनियरला नवा कोड दाखवला. त्याने स्क्रोल करत करत सगळा बघितला, दोनने भागण्याची ओळ गेल्याची खात्री केली आणि म्हणाला, "कमेंट पण काढ की." वर अजून लिहिलेलं होतं, का कोण जाणे पण दुप्पट येतं.

५ पैकी साडेतीन. लिस्कॉव्हचा व्हिडिओ ९ मिनिटांऐवजी ३० चा केला आणि पायथनची चूक सुधारली तर चार करेन.